बैल म्हणून पसंत पडलेली मशीन

मी मशीन बोलतेय. शिलाई मशीन म्हणाल तर मला राग येईल, आधीच सांगून ठेवते. मी गोधड्या शिवायची मोठी मशीन आहे, लाँग आर्म, म्हणजे लांब हाताची. साध्या मशीनवर सुई जागेवर राहते आणि कापड पुढं सरकतं. माझ्याकडं उलटं असतं. गोधडी बाराफुटी चौकटीवर ताणायची, माझी दोन्ही हँडलं धरायची आणि मलाच तिच्यावरून हवं तसं फिरवायचं. आहे की नाही रुबाब?

आणि अशा मला माणसांनी पसंत केलं ते बैल म्हणून. हसा, हसून घ्या. मला मात्र तेव्हा रडू येत होतं.

माझा जन्म कुठं झाला ते मला नीट आठवत नाही. तोंडावर थर्माकोल होतं. डोळे उघडले ते नांदुऱ्यात, प्रेमलाताईंच्या हॉलमध्ये. ताई शाळेतून निवृत्त झालेल्या, अंगानं उंचपुऱ्या. यजमान गोपाळराव बँकेत कारकून. नोकरी संपली, आता छंद जोपासायचा, म्हणून ताईंनी मला मागवलं. फिटर आला. माझ्या पायांना भोकं आहेत, त्यांत खिळी घालून मला उंच किंवा ठेंगणी करता येतं. त्यानं मला ताईंच्या उंचीला बसवलं, चहा घेतला आणि गेला. त्यानंतर ही भोकं कोणाच्याच लक्षात राहिली नाहीत. तुम्ही तरी लक्षात ठेवा.

ताईंनी एक गोधडी शिवली, तिचा फोटो सगळ्यांना पाठवला आणि छंद संपला. मग माझ्या चौकटीवर ओले टॉवेल आले, पापड आले, गोपाळरावांचे बनियन आले. हॉलमधून स्वयंपाकघरात जायला गोपाळराव माझ्या खालून वाकून जायचे. शेवटी त्यांची कंबर धरली आणि मला विकायचं ठरलं.

इकडं धाड नावाच्या गावात वच्छलाबाईंचेही खांदे धरले होते. जन्मभर जमिनीवर बसून त्यांनी गोधड्या शिवलेल्या. डॉक्टर म्हणाले, एक तर जमीन सोडा, नाहीतर गोधडी सोडा. गोधडी सोडायची म्हणजे काय, ते डॉक्टरांना कुठून कळणार? घर सासऱ्यांचं, शेत नवऱ्याचं, गोठा बैलांचा. त्या घरात वच्छलाबाईंचं म्हणावं असं ते एवढंच होतं. त्यांचे यजमान म्हणाले, "एक मशीन पाहू. जमलं तं जमलं, नाई तं सुई बंद. बाजारात ब्लँकिटं काय कमी हाईत?"

या यजमानांचं नावच कारभारी. कारभाऱ्यांनी आयुष्यात मन लावून खरेदी केली ती फक्त बैलांची, आणि तीही निवृत्ती दलालाला सोबत घेऊन. निवृत्तींनी हो म्हटल्याशिवाय कारभारी दोरीसुद्धा घेत नाहीत. त्यामुळं मला पाहायला दोघंही आले. वच्छलाबाई मागून आल्या आणि दाराजवळच्या स्टुलावर बसल्या.

निवृत्तींनी मला एक फेरी मारली. पाठीवर दणकन थाप दिली. मग खाली वाकून माझ्या सुईखाली बोट घातलं आणि एकदम मागं सरले.

"कारभारी, याले दातच नाईत!"

साध्या मशीनला सुईखाली दाते असतात, कापड पुढं ढकलायला. माझं कापड हलतच नाही, मला कशाला हवेत? गोपाळराव हे समजावायला लागले, पण त्यांच्याकडं कोणी पाहीना.

"म्हातारा तं नाई ना बे?" कारभाऱ्यांनी हळूच विचारलं.

निवृत्तींनी पुन्हा बोट फिरवलं. "नाई. हिरडी पाहा कशी गुळगुळीत हाय. दात पडले नाईत, दात आलेच नाईत. आदत हाय, आदत! कोवळा माल!"

बैलबाजारात पक्के दात न आलेल्या गोऱ्ह्याला आदत म्हणतात. मला पार गोऱ्हा करून टाकलं हो! मी मशीन, बाईच्या जातीची. पण सांगणार कोणाला?

पुढं तर कहरच झाला. माझी हँडलं शिंगं ठरली. दोऱ्याचा ताण कमीजास्त करायची माझी गोल चकती आहे, तो कपाळावरचा भोवरा ठरला, आणि शुभ निघाला. वायर शेपटी. कारभाऱ्यांनी विचारलं, "मारते का?"

"कोणाला?" गोपाळराव दचकले.

"म्हंजे लाथ वगैरे?"

"नाही हो, शॉकसुद्धा देत नाही."

"स्वभावानं गरीब हाय," निवृत्तींनी निकाल दिला आणि खांद्यावरचं उपरणं काढलं. बैलाचा सौदा तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घेऊन बोटं दाबायची, प्रत्येक बोटाला अर्थ असतो. गोपाळरावांना यातलं काय ठाऊक! त्यांना वाटलं, गावाकडची माया आहे. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी प्रेमानं पाचही बोटं दाबली. त्या प्रेमात माझी किंमत पार बसली. शिवाय बोली अशी ठरली की पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत घरी जुंपून पाहायचं. पटलं तर ठेवायचं, नाही तर परत.

हे चाललं होतं तेव्हा वच्छलाबाई स्टुलावरून उठल्या. कोणाचं लक्ष नाही बघून त्यांनी माझं एक हँडल धरलं. मी अलगद सरकले.

"अवं माय!" त्या म्हणाल्या आणि हसल्या.

खरं सांगते, त्या हातात जीव होता. कापड कळणारा हात होता. मला तेव्हाच वाटलं, आपण राहायचं तर हिच्याकडं. पण बाई ठेंगण्या, आणि मी प्रेमलाताईंच्या उंचीला बसवलेली. त्यांचे खांदे कानाला टेकले होते. अहो, भोकं! पायांची भोकं बघा कोणीतरी! मी आतल्या आत ओरडत होते. त्या दिवशी वच्छलाबाईंना सगळ्यांनी मिळून एकच प्रश्न विचारला, चहात साखर चालते का.

राजूरचा घाट चढून टेम्पो धाडला पोचला. कारभाऱ्यांनी मला ओवाळलं, हळदकुंकू लावलं, हँडलांना गोंडे बांधले आणि पाठीवर घुंगरमाळ टाकली. कोणीतरी समोर पाण्याची बादली ठेवून गेलं. मी पडवीभर उभी. गाव बघायला लोटलं. जो तो कारभाऱ्यांनाच विचारी, "कसा चालते?"

"लोण्यावानी," कारभारी सांगत. त्यांनी मला अजून चालवलंही नव्हतं.

चालवत होत्या वच्छलाबाई. खांदे वर ओढून, टाचा उचलून. थोडं शिवलं की हँडल सोडून भिंतीला टेकायच्या. संध्याकाळी चुलीपाशी बसून खांद्याला शेक घ्यायच्या. माझा जीव तुटायचा. मी त्यांना मदत करायला आलेले, आणि छळत होते मीच.

शेवटी कारभाऱ्यांना ते दिसलं. दिसल्यावर माणूस काय करतो? बायकोला विचारतो? छे! त्यांनी निवृत्तींना बोलावलं.

निवृत्ती म्हणाले, "जू उंच झालं. बाईले उंच करा."

मग बाईंना पाटावर उभं केलं. पण मी बारा फूट फिरते आणि पाट फिरत नाही. मग विटांची रांग मांडली. वच्छलाबाई तारेवरची कसरत करत विटांवरून चालू लागल्या आणि दुसऱ्याच खेपेला घसरल्या. नशीब, माझं हँडल धरलेलं होतं.

"मंग जमीन खाली करा," निवृत्ती म्हणाले.

आणि बाप्पा, त्यांनी खरंच पडवीत चार खड्डे खोदले! कारभाऱ्यांनी माप घेतलं ते स्वतःच्या कमरेवरून. वर "बाई ठेंगणी हाय" म्हणून अंदाजानं आणखी हातभर खोदलं. माझे चारही पाय खड्ड्यात उतरवले आणि मी थेट वच्छलाबाईंच्या गुडघ्याला आले. आता खांदे सुटले, पण कंबर गेली. हे सगळं होईपर्यंत बाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

बाजाराचा दिवस उजाडला. कारभारी वैतागले होते. "कामाचा नाई हा. धाडा परत. आन सुईबी बंद." टेम्पो दारात आला. मला खड्ड्यातून उपसून अंगणात उभं केलं. वच्छलाबाई एका फडक्यानं माझ्या पायांची माती पुसत होत्या. मान खाली होती, पण फडक्यावर टिपं पडत होती ती मी पाहिली.

तेवढ्यात निवृत्ती म्हणाले, "थांबा. जुंपून पाह्यलेलं जनावर परत द्याचं तं खोड सांगा लागते. मी दलाल माणूस. नांदुऱ्याले काय सांगू? याची खोड काय?"

कारभारी विचारात पडले. "मारत नाई. बसत नाई. खात तं काईच नाई."

"मंग खोड काय?"

"मले काय माहीत? जुंपला तं तिनं हाय. तिले इचारा!"

सगळ्यांच्या माना वळल्या. वच्छलाबाईंनी फडकं खाली ठेवलं.

"हिची खोड काईच नाई," त्या म्हणाल्या. "गरीब हाय बिचारी."

बिचारी! ऐकलंत? बिचारी म्हणाल्या. धाडला आल्यापासून मला पहिल्यांदा कोणीतरी बाईमाणूस म्हटलं.

"मंग खोड कोणाची?"

"यायची." त्यांनी हनुवटीनं नवऱ्याकडं दाखवलं. "मले पाटावर चढोलं, विटायवर चालोलं, जमीन खोदली. पण वच्छले, तुले कुठवर पाह्यजे, हे कोणीच इचारलं नाई. खांदे माहे, आन माप यायचं. काऊन?"

निवृत्ती धंद्यात फार कडक माणूस. त्यांनी कान खाजवला आणि निकाल दिला, "बाजाराचा कायदा सरळ हाय. खोड ज्याची, तो परत."

"मशीन नाई चढवाची मंग?" टेम्पोवाल्यानं विचारलं.

"नाई. कारभारी चढतीन."

कारभाऱ्यांना वाटलं, आता कोणीतरी हसेल. कोणीच हसलं नाही. निवृत्तींचा शब्द त्यांनी आजवर कधी मोडला नव्हता, आता स्वतःवर आला म्हणून मोडायचा कसा? त्यांनी टोपी झटकली, टेम्पोत चढले आणि माझ्यासाठी अंथरलेल्या पोत्यावर बसले. टेम्पोवाल्यानं मागची फळी लावली. प्रेमलाताई या माणसावर ओले टॉवेल वाळत घालतील, हे मला स्पष्ट दिसत होतं.

वच्छलाबाई टेम्पोपाशी गेल्या. त्यांनी हळूहळू एक फेरी मारली. कारभाऱ्यांनी मान वर केली नाही.

"बोला बाई, सोडू का टेम्पो?" निवृत्तींनी विचारलं.

बाईंनी उत्तराला भरपूर वेळ घेतला. त्यांच्या आयुष्यात असा वेळ पहिल्यांदाच आला होता, त्या कशाला घाई करतील?

"उतरवा," त्या म्हणाल्या. "पुढच्या बाजारापर्यंत ठेवून पाह्यतो."

कारभारी उतरले. अंगावरचा भुसा झटकला, माझ्यापाशी आले आणि घसा खाकरून म्हणाले, "कुठवर पाह्यजे?"

वच्छलाबाईंनी कोपरापाशी आडवा हात धरला. "अठवर."

कारभारी माझ्या पायाशी उकिडवे बसले. कुठं खणावं याचा अंदाज घेत त्यांनी माझा पाय चाचपला, आणि बोट भोकात गेलं. दुसऱ्या भोकात गेलं. "अरे बाप्पा!" त्यांनी खिळी उपसल्या आणि मी खाली आले.

"आता?"

"जराशी अजून."

"आता?"

वच्छलाबाईंनी हँडलं धरली. खांदे जागेवर होते. अंगणातच त्यांनी मला या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, पुन्हा आणलं, पुन्हा नेलं. मला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. शुद्ध मशीन असल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून मी इथं पडवीत आहे. गोंडे काढलेत, घुंगरमाळ मात्र वच्छलाबाईंनी ठेवलीय, चालताना बरी वाजते म्हणून. खड्डे बुजवले. माझ्या मापाचा बैल आता जोडीला मिळेल का, असं निवृत्ती अजूनही विचारतात. त्यांच्या तोंडी कोण लागणार?

तुम्हाला हात जोडून एवढंच सांगते. घरासाठी माझ्यासारखी कोणी सोयीची मशीन आणायला निघालात, तर तिचे दात मोजू नका, शिंगं पाहू नका. जिला ती चालवायचीय, तिला आधी स्टुलावरून उठवा आणि विचारा. उत्तर ऐकायला मात्र सवड काढून या. आमच्याकडं विचारून झालं एकदाच, सांगणं अजून चालू आहे. स्वयंपाकाचा ओटा खाली आला, न्हाणीची पायरी फुटली, बाजेची सुंभं बदलली. कारभारी पाना हातात घेऊन माझ्या पायाशी बसतात आणि ऐकतात. काल ते हळूच उठायला लागले.

"झालं ना सांगून?"

"कुठचं झालं? बसा खाली," वच्छलाबाई मला चालवता चालवता म्हणाल्या. "अजून तं मी लग्नातल्या चपलीच्या मापापाशीच हाओ."