वर नवं, खाली जुनं

नंदुरबारच्या मुलखात हिवाळ्यात खोकणाऱ्याला कोणी का म्हणून विचारत नाही. वाळवणाच्या पथारींवर लाल मिरची पसरलेली असते, वारा सुटला की आख्खं गाव ठसकतं, आणि आलेला पाहुणाही डोळे पुसत हसतो. पण हिलालचा खोकला आला आषाढात, तेव्हा पथारी रिकाम्या होत्या आणि त्यांच्यावर गवत उगवलं होतं.

त्याच्या बायकोच्या, गजराबाईच्या मनात पहिला खडा पडला तो तिथे.

दुसरा पडला त्याच्या सदऱ्यात. रोज संध्याकाळी वर्कशॉपवरून आला की मोटारसायकल लावून तो ओट्यावर बसे, अर्ध्या तासात अंग तापे, छातीत पोळीसारखं काही भाजून निघाल्यागत तो कोरडा खोकत राही. सकाळी पुन्हा ठणठणीत. सदरा धुवायला घेतला की आंबूस वास येई. तेलाचा वास तिला ठाऊक होता. बावीस वर्षं ती लेथवर काम करणाऱ्याचे कपडे धूत होती. हा वास तेलाच्या खालून येत होता, नासल्यासारखा.

"मव्हडाना तर नही?" मोहाच्या दारूचा संशय घेत जाऊ धनुबाई नाक मुरडून म्हणाली. "आंबेल वास एकच ऱ्हास, बाई."

डॉक्टरकडे नेलं होतं. त्यांनी थुंकी तपासली, क्षय निघाला नाही. बिडी ओढता का, दारू पिता का, एवढं विचारून गोळ्या दिल्या. हिलाल दोन्हीला नाही म्हणाला, पण जमिनीकडे बघून. गजराबाईने ते बघणं पदराच्या गाठीला बांधून ठेवलं.

मग श्रावणात कानबाई आली, खानदेशात घराघरांत बसणारी देवी. वर्कशॉपमधले सगळे कारागीर खेड्यांतले, सगळ्यांच्या घरी रोट, म्हणजे देवीचा हा सण, म्हणून मालकाने शनिवार ते मंगळवार शटरच ओढलं. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू मापून गजराबाई जात्यावर बसली. हिलालच्या नावाची मूठ तिने जरा दाबूनच भरली.

जातं फिरस गरगर, गहूना व्हस पीठ,
मनमा पडेल खडा, तो दयाये ना नीट.

आणि चार दिवसांत हिलालचा खोकला गेला. ताप नाही, धाप नाही. कानबाईपुढे तो पोरांसारखा नाचला, पुरणपोळ्या हाणल्या, रात्री घोरत झोपला. गजराबाईला आनंद व्हायला हवा होता. पण धनुबाईने भांडी घासता घासता हळूच म्हटलं, "रोटमा कोनी बाटलीले हात लावत नही. समजनं ना?"

समजलं. सगळं जुळलंच जणू.

सोमवारी विसर्जनाआधी, कानबाईच्या नारळासमोर दिवा तेवत असताना, ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही पेतस का? आठे हात ठेवा नि सांगा."

हिलाल हसला. हात काही ठेवला नाही. "तुले जे वाटी ऱ्हायनं ते वाटू दे," म्हणत टोपी झटकून बाहेर गेला. ज्याच्या पोटात काही नाही, तो माणूस देवीपुढे हात आखडता का घेईल?

बुधवारी तो कामावर गेला आणि संध्याकाळी पूर्वीपेक्षा जास्त तापून परतला. सदऱ्याला असा वास होता की तिने तो बोटाच्या चिमटीत धरून बाहेर टाकला.

गुरुवारी तिने मुद्दामच डबा दिला नाही. "इसरनू," म्हणाली. दुपारी स्वतः डबा घेऊन काळीपिवळीत बसली. नवऱ्याला बाटलीसकट धरायचं, एवढं एकच डोक्यात.

वर्कशॉपच्या दाराशी ती थबकली. पंपाचे आणि मिरची कुटायच्या यंत्रांचे दांडे इथे कातले जात. चार मशीन गरगरत होती. प्रत्येक पात्यावर पांढऱ्या पाण्याची धार पडत होती, दुधासारखी. तापलेल्या लोखंडावर ती धार आपटली की बारीक धुकं उठे आणि दिव्याभोवती खळं धरून राही. त्या खळ्यात तोंड घालून हिलाल वाकला होता. बाटली कुठेच नव्हती. वास मात्र तोच. सदऱ्यातला. आणि तो मशीनखालच्या टाकीतून येत होता.

पुनीत, मालकाचा नातू, टाकीत मगाने तेल ओतत होता, वर बादलीभर पाणी.

"या काकी. आज इकडे कुठे?"

"हाई काय शे, भाऊ?"

"काही नाही, कुलंट. मशीनला थंड ठेवायला. साबणाचं पाणीच समजा."

"टाकी कव्हय धुई व्हती?"

पुनीतला हसू आलं. "धुवायची कशाला? कमी झालं की वर टाकतो. आजोबांपासून असंच चाललंय."

गजराबाई वाकली आणि नाकाला पदर न लावता तिने वास घेतला. जुन्या ताकाच्या मडक्यात कोणी ताजं दूध ओतलं तर काय होतं, हे तिला शिकवायला नको होतं. वरचं कितीही ताजं ओता, खालचं त्याला आपल्यासारखं करतं. त्यात ही टाकी चार दिवस बंद शटरात निजून राहिली होती.

तिने डब्यातली ताकाची बाटली रिकामी केली, टाकीत बुडवून भरली आणि हिलालकडे वळली. "चला, दवाखानामा."

रस्त्यात तिने एकच विचारलं. "तुम्हले माहीत व्हतं?"

हिलालने रस्त्याच्या कडेला थांबून खोकून घेतलं. मग म्हणाला, "पेनारा मिस्तरी चालस, गजरा. त्याले कोनी काढत नही. छातीना रोगी ठरना, का मशीनवर कोनी उभं करत नही."

म्हणून हात ठेवला नव्हता. शपथ घेतली असती तर तिचा दारूवरचा संशय फिटला असता, आणि मग तिने दुसरीकडे शोधलं असतं.

डॉक्टरांनी बाटली उघडली आणि लगेच बंद केली. या वेळी त्यांनी कामाचं विचारलं. कुठे उभे राहता, सुट्टीत कसं वाटतं, परतल्यावर किती तासांनी ताप येतो. छातीचा फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं. "त्या धुक्यातून कुजलेलं पाणी श्वासात जातंय. फुप्फुसं सुजलीत. आता लांब राहिलात तर भरून येतील बहुतेक. तसेच उभे राहिलात तर पुढे आमच्याही हातात नाही."

दहा दिवस हिलाल घरी राहिला. खोकला ओसरला. अकराव्या दिवशी पुनीतचा फोन आला. टाकी साफ केली, मशीनला झाकण लावलं, धूर ओढणारा पंखाही बसवला, आता या मिस्तरी.

हिलाल गेला. संध्याकाळी ओट्यावर बसला, खोकला नाही. "बठ्ठं चकाचक करेल शे," तो म्हणाला, जरा मोठ्यानेच.

गजराबाईने सदरा घेतला, चुलीपासून दूर परसात गेली आणि त्यात तोंड खुपसलं. आधी नव्या तेलाचा वास आला, साबणाचा, स्वच्छ. ती थांबली. श्वास सोडला आणि पुन्हा घेतला, खोल. त्याच्या खाली, अगदी तळाशी, तोच होता.

तिने तो सदरा न धुताच खुंटीला टांगला.

सकाळी हिलाल आंघोळ करून आला, तर चूल पेटलेली, पण डबा पालथा.

"डबा?"

"नही."

"काबरं?"

"टाकी धुयेल नही. वरतून नवं टाकेल शे."

"पंखा मी मन्हा डोयाघाई देखा, गजरा."

तिने खुंटीवरचा सदरा काढून त्याच्या हातात दिला. "डोया ऱ्हाऊ द्या. नाक लावा."

हिलालने सदरा नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मग खोकल्याची एक बारीक उबळ आली, ती त्याने या वेळी लपवली नाही. मोटारसायकलची किल्ली त्याने खिशातून काढली, सदऱ्याच्या रिकाम्या खुंटीवर अडकवली आणि फोन हातात घेऊन ओट्यावर बसला.

"पुनीतशेठ," तो म्हणाला, "टाकी रिकामी करताना मी सोता देखसू. दारमा उभा राहीसन. तव्हय मशीनले हात लावसू."

गजराबाईने तवा चुलीवर ठेवला. पलीकडून काय उत्तर येतंय, ते ऐकायला तिने भाकर थापायचा हात मात्र हवेतच धरून ठेवला.