बोटाएवढी जागा

सकाळीच इस्त्रीच्या टेबलावर कपड्यांचा ढीग येऊन पडला होता, आणि धाकटी सून पुन्हा पोट धरून स्टुलावर बसली होती.

"झालं सुरू नाटक!" थोरली जाऊ इस्त्री आपटत म्हणाली. "रक्त चांगलं, सोनोग्राफी चांगली. काम दिसलं की तेवढं दुखतं!"

"ताई, वाकलं की कळ येते हो. खरंच."

"आम्ही नाही बाई कधी अशा बसलो," सासूबाई आतून म्हणाल्या.

काल दिराने बायकोला गरम पाण्याची पिशवी आणून दिली, तेव्हापासून थोरलीचा जळफळाट चालला होता. तिची पाठ लग्नापासून दुखत होती. 'बस जरा' म्हणणारं कुणी नव्हतं. हेवा सुखाचाच वाटतो असं नाही, दुखण्याला मिळणाऱ्या मायेचाही वाटतो.

म्हणून नव्या डॉक्टरबाईंकडे ती मुद्दाम सोबत गेली. सोंग उघडं पडताना तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

"कुठे दुखतं? एका बोटाने दाखवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. धाकटीने बेंबीच्या उजवीकडे बोट टेकवलं. बाईंनी तिला आडवं झोपवून तिथेच दाबून धरलं. "आता हात न टेकवता मान उचला."

धाकटी किंचाळली.

"पोट ताठ केलं की आतलं दुखणं सहसा कमी लागतं. यांचं वाढलं. म्हणजे दुखणं पोटाच्या भिंतीत असावं. स्नायूतून वर येणारी एक नस तिथे चिमटली जात असेल. सोनोग्राफीत ती दिसत नाही."

"म्हणजे खरंच दुखतं?" थोरलीने विचारलं.

बाईंनी त्याच जागी बधिर करणारं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने धाकटी उठली, वाकली, पुन्हा वाकली, आणि हसता हसता रडू लागली. "ताई, कळ गेली!"

"मग नसच ती," बाई म्हणाल्या. "पुन्हा दुखेल कदाचित. अंगावर काढू नका, या."

थोरलीला तेव्हाही हेवाच वाटला. हिला कुणीतरी विचारलं होतं, कुठे दुखतं.

दोघी घरी आल्या तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या. "संपलं का नाटक?"

"नाटक मी करत होते, आई," थोरली म्हणाली. "काही दुखत नाही असं. तुम्हीही करता. गुडघा धरून जिना चढता, रोज बघते मी."

थोरलीने स्टूल पुढे ओढलं.

"बसा आधी. आणि सांगा, कुठे दुखतं?"