मोराच्या छातीवरचा बाण

माझा जन्म एका बटणावर झाला. कळा नाहीत, बारसं नाही. बटण दाबलं, खट् आवाज आला आणि त्या क्षणी संगणकाच्या पडद्यावर जे होतं त्याचं मी चित्र झालो. मला स्क्रीनशॉट म्हणतात. माझे शेकडो भाऊबंद तुमच्या मोबाइलमध्ये पडून आहेत. भांडणाचे पुरावे, रेल्वेची तिकिटं, कधीच न केलेल्या भाज्यांच्या कृती. त्यांना काढल्यापासून कुणी उघडून पाहिलेलं नाही. मला मात्र एक काम देऊन जन्माला घातलं होतं.

माझा मालक बसू. सोलापुरात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो आणि गिऱ्हाइकाशी बोलताना त्याच्या मोबाइलकडेच बघतो. त्याचे वडील चादरींची नक्षी काढायचे. ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवायचा, एक चौकोन म्हणजे एक धागा. रंगवता रंगवता त्यांचे डोळे अधू झाले. ते बघून बसूनं शिकत, चुकत एक सॉफ्टवेअर तयार केलं. पडद्यावर चौकोन भरा, चुकलं तर पुसा. धाग्यांवरून त्याचं नाव ठेवलं 'उभाआडवा'. ते कुणीही फुकट वापरावं, आतली रचना उघडून पाहावी, हवी तशी बदलावी, दुसऱ्यालाही द्यावी. अशाला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात.

ते घेऊन बसू चादरीचे कारखानदार मल्लप्पाकाका यांच्याकडे गेला.

"केवढ्याला?" काकांनी विचारलं.

"फुकट आहे, काका."

"फुकट? मग तुला काय मिळतंय?"

"काही नाही."

"म्हंजे भानगड हाय."

"भानगड कशी असेल? आतलं सगळं उघडं आहे. कुणीही बघू शकतं."

"कुलूपबी न्हाय? असलं सामान मी कारखान्यात ठेवत न्हाय, बाबा."

काकांच्या कचेरीतल्या संगणकात तेव्हा एक परदेशी, महागडं सॉफ्टवेअर होतं. चोरून भरलेलं. त्यात भानगड नव्हती, कारण ते महाग होतं.

बसू घरी आला आणि बहिणीला म्हणाला, "सिद्धे, गड्डा संपेपर्यंत एका तरी माणसानं हे वापरलं तर ठीक. नाहीतर सगळं पुसून टाकतो." गड्डा म्हणजे सिद्धरामेश्वरांची संक्रांतीची जत्रा. ती जवळच आली होती.

सिद्धेश्वरीनं इंटरनेटवरचं त्याचं पान उघडलं. वरपासून खालपर्यंत नुसतं लिहिलेलं. कसं बसवायचं, कसं चालवायचं, परवाना कोणता. शेवटी बसूचा नंबर. चित्र एकही नाही.

"अण्णा, भांड्याचं दुकान काढलंस, शटर ओढून घेतलंस आणि बाहेर पाटी लावलीस की आत चांगली पातेली हायत. कोण थांबणार? तोंड दाखव की त्याचं!"

मग माझी थोरली भावंडं जन्मली. पहिलं होतं काळ्याकुट्ट खिडकीचं, त्यात बारीक पांढरी अक्षरं. सिद्धेश्वरी म्हणाली, "हे बघून कुणालाबी वाटेल, आपला कंप्युटर बिघडला." दुसऱ्यात नक्षी होती, पण कडेला बसूच्या साऱ्या फाइली, चार टक्के उरलेली बॅटरी आणि आत्याचा मेसेज, 'बसू, जेवलास का?' ती दोन्ही पुसली गेली. मग तिनं स्वतः बसून एक मोर भरला, हिरवा, निळा, मान वळवलेला. वर सॉफ्टवेअरचं नाव, त्याखाली 'फाइल', 'रंग', 'मदत' अशी बटणं, कोपऱ्यात बंद करायची फुली.

"तो माउसचा बाणबी येऊ दे चित्रात," ती म्हणाली. "म्हंजे कुणीतरी वापरतंय असं वाटंल."

बसूनं बाण मोराच्या छातीवर ठेवला आणि बटण दाबलं. तो मी.

मला आधी मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या एका ग्रुपवर नेलं. विद्वान मंडळी. मोठ्या शहरातली, मोठ्या पगाराची. एक सर म्हणाले, चित्राची गरजच काय, ज्याला हवं तो चालवून बघेल. दुसऱ्यांना अक्षरांचं वळण जुनाट वाटलं. तिसऱ्यांनी परवान्याचा विषय काढला आणि आठवडाभर सगळे त्यावर भांडले. जाता जाता प्रत्येकानं मला एक अंगठा दाखवला. अंगठा दाखवण्याला ते पाठिंबा म्हणतात. 'उभाआडवा' मात्र एकानंही उघडून पाहिलं नाही.

बसूनं लॅपटॉप मिटला. सिद्धेश्वरीनं त्याला न विचारता मला मल्लप्पाकाकांच्या मोबाइलवर पाठवलं, खाली लिहिलं, 'काका, असं दिसतं बघा.'

काकांना मोर आवडला. इतका आवडला की त्यांनी सॉफ्टवेअरचं नावही न विचारता मला थेट कार्डं पाडणाऱ्या गुरुशांतकडे पाठवलं. मागावर नक्षी उमटते ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवरून, आणि ती भोकं गुरुशांत पाडतो. काकांनी त्याला बजावलं, "जसंच्या तसं पायजे. एक धागा हिकडंतिकडं नको."

गुरुशांत सांगितलेलं ऐकणारा माणूस. माग चालला आणि मी कापड झालो.

दुसऱ्या दिवशी बसूला बोलावणं आलं. काकांनी त्याच्यासमोर चादर झटकली.

"एनो बसू, हे काय? ह्या मोराला बाण कुणी मारला?"

बसू बघतच राहिला. मी चादरभर पसरलो होतो. नाव, बटणं, फुली आणि छातीवर बाण.

"आणि हे वर लिवलंय बघ, मदत. झोपलेल्या माणसाला कसली मदत पायजे, सांग की!"

"काका, तुम्ही नुसता फोटो विणलात. मोर सॉफ्टवेअरमधून घ्यायचा होता."

"गुरुशांता, तुला अक्कल न्हाय का रे?"

"मालक, तुमीच म्हनलात, जसंच्या तसं," गुरुशांत शांतपणे म्हणाला.

सगळा गठ्ठा काकांनी डागी माल म्हणून गड्ड्यात नेला. तिथं मी माणसं जवळून पाहिली. एक बाई म्हणाली, "बाणवाली नवीन फॅशन दिसती." दुसरीनं लगेच दोन घेतल्या. काकांचा नेहमीचा साधा मोर शेजारी घडी घालून पडला होता, त्याला कुणी हात लावेना. सगळा डागी माल उठला.

काकांनी बसूला फोन केला. "अजून एक तसलाच फोटो पाठव. आणि बाण जरा मोठा कर."

"काका, आता तरी सॉफ्टवेअर घ्या की. हवा तेवढा मोठा बाण तुम्हीच काढाल."

"सॉफ्टवेअर कशाला? फोटो बास हाय."

एका स्क्रीनशॉटला याहून मोठा मान कुठला? मी ज्या मालाची ओळख करून द्यायला निघालो होतो, तो माल लोकांना नकोच होता. त्यांना मीच हवा होतो. मला आनंद व्हायला हवा होता. पण फोन ठेवल्यावर बसूचा चेहरा मी पाहिला. मी तेव्हा त्याच्या लॅपटॉपच्या पडद्यावरच होतो.

गड्ड्याचा शेवटचा दिवस आला. संध्याकाळी बसूनं ते पान काढून टाकायला घेतलं. 'खरंच पुसायचं?' असं संगणकानं विचारलं. माझ्याही छातीवरचा बाण हलल्यासारखा झाला.

तेवढ्यात मोबाइल वाजला. अनोळखी नंबरवरून एक फोटो आला होता. कुणीतरी लॅपटॉपच्या पडद्यावर मोबाइल धरून काढलेला. तिरपा, मधे ट्यूबलाइटची झळाळी, कडेला अर्धा अंगठा. आमच्या जातीला काळिमा. पण वर नाव होतं, 'उभाआडवा'. आणि आत मोर नव्हता. कैऱ्या आणि पोपट होते. बसूनं कधीच न भरलेले.

मागोमाग आवाजाचा निरोप आला. "भाऊ, मी वळसंगची सुंदरम्मा बोलती. मन्यांची तोरणं करती. गड्ड्यात तुमची चादर घेतली, तिच्यावरचं नाव पोरीनं शोधलं. तिच्या लॅपटॉपवर करून बघितलं. एक चौकोन म्हंजे एक मनी, लई सोपं जातंय. पण पोपटाला हिरवा घातला की निळा होतोय. हे काय बरोबर न्हाय. नीट करून द्या."

बसूनं तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. मग ओरडला, "सिद्धे! तक्रार आली!"

कुणाला मुलगा झाल्यावर माणूस इतका खूश होत नसेल. सिद्धेश्वरी धावत आली, फोटो पाहून म्हणाली, "अण्णा, हे चित्र घाल की पानावर. ह्यात खरंच कुणीतरी वापरतंय."

'खरंच पुसायचं?' या प्रश्नाला बसूनं 'नाही' म्हटलं आणि हिरवा रंग दुरुस्त करायला बसला.

आज त्या पानावर सगळ्यात वर तो तिरपा, अंगठेवाला फोटो आहे. मी खाली सरकलो आहे. रंगांची जागा बदलली, बटणं बदलली. माझ्यात दिसतं ते 'उभाआडवा' आता कुठंच नाही. मल्लप्पाकाका अजून चोरीचंच वापरतात आणि दर महिन्याला बसूकडे नवा फोटो मागतात.

तुम्हीही काही चांगलं करून फुकट देणार असाल, तर एवढं ऐका. त्याचं चित्र काढा, नीट काढा, आत्याचा मेसेज झाका. पण अनोळखी माणसाचं वाकडं चित्र परत येईल तेव्हा मला खुशाल बाजूला सारा.

माझी सोय झाली आहे. काकांच्या गठ्ठ्यातली एक चादर बसूच्या घरी आहे. थंडीत त्याचे वडील ती पांघरतात. डोळ्यांना आता नीट दिसत नाही, म्हणून मोर बोटांनी चाचपतात. बाणापाशी त्यांचं बोट थांबतं. "बसू, हितं धागा चुकलाय रे," ते म्हणतात. बंद करायची फुली त्यांच्या पायाशी येते. ते रोज तिच्यावर पाय देऊन झोपतात, आणि मी बंद होत नाही.