कोणाकडून कोणाला

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचून शांतपणे सांगितलं, गर्भाशयाच्या तोंडाशी एचपीव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग आहे. संबंधांतून पसरतो, बहुतेकांना कधी ना कधी होतोच, बरेचदा आपोआप जातो. पेशी चांगल्या आहेत. वर्षभरानं पुन्हा तपासू.

"कधी झाला असेल?" अनुजानं विचारलं.

"सांगता येत नाही. वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. कोणाकडून कोणाला गेला, तेही कळत नाही."

अनुजा पस्तिशीची, शहरातल्या स्टील प्लांटमध्ये क्लार्क, तिथल्याच रिसाली भागात आईसोबत राहायची. तिच्या आयुष्यात दोन पुरुष येऊन गेले होते. आनंद आता पुण्यात एकटाच होता. तिनं त्याला मेसेज केला. उत्तर आलं, 'ओके. टेक केअर.'

दुसरा सुजय. त्याच्याशी लग्न ठरता ठरता मोडलं होतं. आता तो बायको शिल्पासोबत जवळच्याच कुम्हारी गावात राहायचा. तिला अनुजानं एकदाच बाजारात पाहिलं होतं, पण आता ऑफिसात, स्वयंपाकघरात, सगळीकडे तिचाच चेहरा दिसे. जेवण जाईना, कामात चुका होऊ लागल्या. शेवटी तिनं सुजयला फोन लावला.

सगळं ऐकून तो म्हणाला, "आता कावून सांगून राहिली मले?"

"शिल्पाची एकदा तपासणी करून घे. बस, एवढंच."

"तिले काय सांगू? तुझं नाव घेऊ?"

"घे. माझ्यामुळंच झालं असन तर घ्यायलाच पाह्यजे."

त्यानं फोन ठेवून दिला. अनुजाला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

पुढच्या महिन्यात एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"अनुजादीदी, मी शिल्पा. सुजयनं सांगितलं. मलेही निघाला तोच."

"माफ कर मले, शिल्पा," अनुजा म्हणाली.

"माफी नका मागू." शिल्पाचा आवाज बारीक झाला. "लग्नाच्या आधी माझंही होतं एका जणासोबत. सुजयले माहीत नाही. तो तुमाले दोष देते अन् मी चुपचाप ऐकून राहिली. जेवण जात नाही, नींदच नाही येत. मीच त्याले दिला असन तर?"

डॉक्टरीणबाईंचं बोलणं अनुजानं जसंच्या तसं सांगितलं. कळत नाही. कोणालाच कळत नाही.

"म्हणजे कधीच नाही कळणार?"

"नाही."

"सुजयले सांगू का मी?" शिल्पानं विचारलं.

"ते तू ठरव. तोवर दोष माझ्या नावावर राहू दे. मले चालते."

"तुमाले त्रास नाही होणार?"

"होईन," अनुजा म्हणाली. "पण आता जेवते मी बरोबर. तूही जेवत जा."

शिल्पा रडू लागली. ती शांत होईपर्यंत अनुजानं फोन कानाला धरून ठेवला.