सहाशे बेचाळीस नळ्या

बाबा साथीच्या दुसऱ्याच आठवड्यात गेले. वहिनी तेव्हा मासळीबाजारात मासे साफ करायला जायची, आणि पहिले रुग्ण त्याच बाजारातले निघाले. तेव्हापासून आई तिच्या हातचं जेवत नाही. "बाजार घरात आणलास," एवढंच एकदा म्हणाली. दादाने मान खाली घातली, ती अजून वर केलेली नाही.

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. दर रक्तदात्यामागे रक्तद्रवाची एक छोटी नळी आम्ही गोठवून ठेवतो. मुदत सहा महिन्यांची, पण फ्रीझर आवरायचा कंटाळा सगळ्यांनाच. त्यामुळे साथीआधीच्या तीन महिन्यांतल्या नळ्या वर्षभरानंतरही तिथेच होत्या. त्यांतल्या काहींत हा रोग होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या, तर तो बाजाराआधीच शहरात होता हे सिद्ध होणार होतं.

"म्हणजे मी सुटले?" वहिनीने विचारलं.

"सुटलीस असं नाही. पण तूच आणलास, असंही कुणाला म्हणता येणार नाही."

"बाई गं, तुझा दिलासासुद्धा थेंबाथेंबाने! असू दे. तेवढाही पुष्कळ."

आमचे डॉक्टर निवृत्तीला टेकलेले. माझा विचार ऐकून त्यांनी दार लोटून घेतलं. "किट कपाटात आहेत. आजच तपासून मोकळी हो. निवडणूक तोंडावर आलीय. सरकार म्हणतं बाजार, विरोधक म्हणतात सरकारी प्रयोगशाळा. दोघांचीही भाषणं लिहून तयार. तुझ्या नळ्यांसाठी कोण थांबलंय?"

"पण सर, परवानगीशिवाय केलेला निकाल मानेल कोण?"

"परवानगी मागितलीस, तर मानायला निकालच उरणार नाही."

मला ते त्यांच्या वयाचं बोलणं वाटलं. मी आरोग्य खात्याकडे अर्ज केला, आणि नीट केला: फ्रीझर क्रमांक तीन, वरचे दोन कप्पे, सहाशे बेचाळीस नळ्या, सोबत तारखांची यादी.

सोळाव्या दिवशी उत्तर आलं. मुदत संपलेल्या सहाशे बेचाळीस नळ्या नियमानुसार त्वरित नष्ट कराव्यात. संदर्भ: आपला अर्ज. मी अर्ज करेपर्यंत वरच्या कुणाला या नळ्यांचा पत्ताही नव्हता.

देखरेखीला एक अधिकारी आला. बिचारा सभ्य होता, बसायला खुर्ची आहे का म्हणून त्याने दोनदा विचारलं. मी नळ्या मोजून पिशव्यांत भरल्या आणि वाफेच्या यंत्रात ठेवल्या. तासाभराने झाकण उघडलं तेव्हा पिवळसर रक्तद्रव शिजून पांढरट, घट्ट झाला होता. डॉक्टरांनी किटचं कपाट कुलूपबंद केलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी घरी आले तर टीव्हीवर मंत्री सांगत होते, "बाजाराआधी रोग होता, असा एकही पुरावा नाही." वाक्य तंतोतंत खरं होतं.

वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "आली का गं परवानगी?"

मी सगळं सांगितलं. अर्जाचंही.

आतल्या खोलीत टीव्हीसमोर बसलेल्या आईने विचारलं, "काय निघालं?"

"काहीच कळलं नाही, आई. आता कळणारही नाही."

"तुला नसेल कळलं. मला कळलंय," आई म्हणाली, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

वहिनी जवळ आली. मग हळूच म्हणाली, "तपासल्या, सापडल्या खुणा, असं सांगितलं असतंस तर? आईंना कुठे काही समजणार होतं?"

माझ्याकडे याचं उत्तर होतं. ते बरोबरही होतं. मला ते देववलं नाही.

वहिनी स्वयंपाकघरात गेली आणि आईसाठी वेगळा भात लावायला मला हाक मारली.