लेकुरवाळीचा लाडू

पहिला फोटो. मागच्या वर्षीचा.

पांढऱ्यावर पांढरं. कॅनडाच्या उत्तरेचा हडसनचा उपसागर गोठलेला, आणि एक अस्वलीण बर्फावरून आत निघालेली, सीलच्या शिकारीला. मागे दोन पिल्लं. तिच्या नाकावर कोयरीच्या आकाराचा ओरखडा आहे, झूम केलं की दिसतो. नंदनने तो इतक्यांदा झूम करून पाहिला होता की रुचा एकदा म्हणाली, "माझ्या कपाळावर टाके पडलेत, ते कुठल्या बाजूला सांग बघू." बायकोच्या कपाळाकडे बघितल्याशिवाय त्याला सांगता आलं नाही.

दुसरा फोटो. चर्चिल, त्याच उपसागराच्या किनाऱ्यावरचं गाव. २०१६चा नोव्हेंबर.

यात पाणी आहे. एवढंच चुकलंय या फोटोत. नोव्हेंबरच्या शेवटाला इथे पाणी दिसायला नको. सील मिळतो तो बर्फावरून. उन्हाळ्यात बर्फ वितळला की अस्वलं किनाऱ्यावर येतात आणि तो परत जमेपर्यंत जवळजवळ निराहार बसून राहतात. यंदा ती बसलीच होती. लाटा येत होत्या, जात होत्या.

दूर दक्षिणेला, मार्कहॅम शहरातल्या ऑफिसात वर्षभर कोड लिहिणारा नंदन दरवर्षी एक आठवडा इथे यायचा. यंदा आई सोबत होती. प्रमिलाबाई नाशिकहून आल्या होत्या. "तुझ्या बेसमेंटमध्ये टीव्ही बघायला आले नाही मी. मलाही दाखव तुझी अस्वलं," म्हणाल्या. विनिपेगहून छोट्या विमानाने येताना त्यांनी मांडीवर एक स्टीलचा डबा घट्ट धरून ठेवला होता.

डब्यात डिंकाचे लाडू होते.

तिसरा फोटो काढायच्या आधी काय झालं, ते नीट सांगायला हवं.

पुरुषभर उंच चाकांची एक गाडी असते, तिला मागे कठड्याची उघडी गॅलरी. डॅरिल नावाचा गाईड ती चालवायचा. सकाळी निघताना त्याने नियम सांगितले. इंग्रजीत, भरभर. नंदन तेव्हा लेन्स बदलत होता.

"काय म्हणतोय रे?" आईने विचारलं.

"हात बाहेर काढायचा नाही म्हणतोय."

डॅरिल आणखीही बरंच बोलला होता. खाण्याचा कणही बाहेर टाकायचा नाही. ज्या अस्वलाला माणसाकडे खाणं मिळतं ते माणसांमागे येतं, आणि मग त्याचं बरं होत नाही. हे सगळं मराठीत आलंच नाही.

दुपारी ती आली. कोयरीवाली. नंदनने नाक ओळखलं. मागे एकच पिल्लू होतं. अस्वलीण इतकी वाळली होती, जणू कुणी मोठ्या माणसाचा कोट खुंटीला अडकवलाय. मागच्या वर्षी दोन होती, हे नंदनने आईला सांगितलं नाही. गुडघ्यावर बसून त्याने डोळा कॅमेऱ्याला लावला.

"अगं बाई, अंगावर पितंय वाटतं अजून," मागून आई म्हणाली. "लेकुरवाळी आहे रे ही. आणि अशी?"

"हं," नंदन म्हणाला.

डब्याचं झाकण वाजलेलं त्याने ऐकलं होतं. आई खात असेल असं त्याला वाटलं. आता भिंगातून बघा: अस्वलिणीचं तोंड, मग तोंडासमोर खाली पडलेलं काहीतरी गोल, तपकिरी, मग जीभ. काय होतंय ते कळायच्या आत नंदनचं बोट दाबलं गेलं होतं.

तो तिसरा फोटो. ओरखड्यावर चिकटलेला खोबऱ्याचा कीस मोजता येईल इतका स्पष्ट. इतका चांगला फोटो त्याने जन्मात काढला नव्हता.

"तिने खायला घातलं का?" डॅरिलने दारातून विचारलं.

"बाळंतिणीचे लाडू आहेत," आई नंदनला म्हणाली, "त्याला सांग, बाधत नाहीत. हात मी बाहेर काढला नाही हो. लाडू वरून टाकला."

चौथा फोटो नाही.

म्हणजे काढण्यासारखं पुष्कळ होतं. दुसऱ्या दिवशी अस्वलीण गाडीकडे चालत नाही, धावत आली. टायरवर पुढचे पाय टेकून उभी राहिली आणि वर बघत राहिली. पिल्लू शेजारच्या टायरवर तसंच उभं राहिलं. शिकलं ते. आईने डबा शालीखाली लपवला. संध्याकाळी दोघं गाडीमागून गावापर्यंत आली. पळवून लावायला फटाके उडवले, पळाली नाहीत. मग हेलिकॉप्टर, मग भुलीची सुई. अस्वलांना कोंडून ठेवायची गावाबाहेर एक मोठी शेड आहे, तिथे दोघांना नेलं.

"माझा तुमच्या आईवर राग नाही," डॅरिल म्हणाला, "पण मला अधिकाऱ्यांना कळवावंच लागलं."

"आता काय?"

"बर्फ आला की सोडतील."

"कधी येईल?"

डॅरिलने पाण्याकडे पाहिलं. "आत्तापर्यंत यायला हवा होता."

प्रमिलाबाईंनी मध्येच, त्यांना येत होतं तेवढ्या इंग्रजीत, त्यालाच विचारलं, "दे गिव्ह फूड?"

"ओन्ली वॉटर, मॅम." खायला दिलं तर ती दरवर्षी येईल, असं तो पुढे समजावत होता. त्या पुढचं ऐकत नव्हत्या.

मार्कहॅम.

थंडी पडेना. शेजारचा राजन खुशीत होता, "यार, अजून बर्फ उपसायचं शोव्हल गॅरेजमधून बाहेर काढलं नाही." आल्यापासून थंडीच्या नावाने बोटं मोडणाऱ्या प्रमिलाबाईंनी देवापुढे दिवा लावून थंडी मागितली. आणि रात्रीचं जेवण सोडलं.

"आई, सूप तरी घ्या," रुचा म्हणायची.

"माझ्या हातचं खाऊन ती कोंडली गेली. ती पाण्यावर, आणि मी ताटावर बसू?"

नंदन रोज फोनवर बर्फाचा नकाशा उघडायचा. उपसागर निळा. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "गोठला का रे?"

"नाही अजून."

"ही कसली थंडी म्हणायची," ती पुटपुटायची, जणू भाजीवाल्याने माल हलका दिला.

मग एका संध्याकाळी तिला ओट्याशी चक्कर आली. नंदनने तिला धरून खुर्चीवर बसवलं आणि फोन काढला.

"गोठला, आई. डॅरिलने फोटो पाठवलाय. सोडलं तिला."

आईने चष्मा लावला. फोन लांब धरला, मग जवळ घेतला. तिचा चेहरा असा सैल पडला की नंदनला वाटलं, बरं केलं आपण. तिने दोन बोटांनी, त्यानेच शिकवलं होतं तसं, चित्र मोठं केलं.

"हीच ती. कोयरी आहे नाकावर."

"हो ना."

तिचं बोट अस्वलिणीवरून मागे सरकलं. एका पिल्लावर थांबलं. मग दुसऱ्यावर.

"दोन कशी?"

नंदन सिंककडे बघत राहिला. नळ थोडा गळत होता.

"नंदन. हा कधीचा आहे?"

त्याने जाऊन नळ घट्ट केला. आईने ते दुसरं पिल्लू बराच वेळ बघितलं. मग फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि धरून धरून उठली.

"हात धू," ती म्हणाली. "तुझं वाढते."

तिने एकच ताट घेतलं.