चौथी कुपी

अवकाश स्थानकावरच्या प्रयोगशाळेचं जमिनीवरच्या लोकांना भारी अप्रूप. प्रत्यक्षात तो बसएवढा लांबट डबा. चारी बाजूंना कपाटं, कपाटांवर अडकवलेल्या पिशव्या, वायरींचा गुंता आणि पंख्यांची अशी घरघर, की दोन हातांवरच्या माणसाशीही आवाज चढवून बोलावं लागतं. तिथे वर नाही नि खाली नाही, तरी माणसं ‘वरच्या कपाटातलं काढ’ म्हणायची काही सोडत नाहीत.

या डब्यात डॉक्टरबाई पाच महिने तरंगत होत्या. त्याआधी तीस वर्षं त्यांनी एका मोठ्या इस्पितळात काढलेली. आता त्यांच्या ताब्यात सहा कुप्या होत्या, काडेपेटीएवढ्या, आणि प्रत्येकीत तांदळाच्या दाण्याएवढी हृदयाच्या स्नायूची पट्टी. सहा आजारी माणसांच्या पेशींपासून वाढवलेली. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की ती धडधडताना दिसे. जमिनीवर हा आजार हृदय पोखरायला वर्षं घेतो. वजन नाहीसं झालं की तेच काम आठवड्यात उरकतो. म्हणून तर ही सगळी उठाठेव. पट्टीला नवं औषध द्यायचं आणि बारा दिवस तगते का बघायचं. ज्याची पट्टी तगली त्याला औषध, नाही तगली तर नाही. औषधाला परवानगी देणाऱ्या समितीने तसं लिहूनच दिलं होतं, आणि समितीपुढे कोणाचं काय चालतंय?

नवव्या दिवशी सकाळपर्यंत पाच पट्ट्या थांबल्या होत्या. चौथी चालू होती.

कुप्यांवर नावं नसतात, नंबर असतात. नियमच आहे तो. पण या प्रयोगाच्या मॅडम, अकरा वर्षं याच एका औषधाच्या मागे लागलेल्या, भल्याभल्यांना फैलावर घेणाऱ्या, प्रशिक्षणाच्या वेळी डॉक्टरबाईंना बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "चौथीला जरा जपा हं." आणि मग कोणी न विचारताच, "माझी मुलगी आहे." एकोणीस वर्षांची. नव्या कुप्या घेऊन पुढचं यान दहा महिन्यांनी जायचं होतं आणि त्या मुलीकडे दहा महिने नव्हते. हे डॉक्टरबाईंना कोणी सांगायला नको होतं. मॅडमनी दाखवलेले तिचे रिपोर्ट त्यांनी पाहिले होते.

तर त्या सकाळी पंप अडकला. कुप्यांना खुराक पोचवणारा हा पंप. इतके दिवस शहाण्यासारखा वागला आणि नको तेव्हा रुसला.

"चौथीला पंचवीस मिनिटांत खुराक मिळायला हवा," जमिनीवरून निरोप्या म्हणाला. स्थानकाशी जमिनीवरून एकच माणूस बोलतो; त्याला वर हेच नाव पडलं होतं. "पंप सुरू होईपर्यंत हाताने द्या."

डॉक्टरबाईंच्या जोडीला वर मिस्त्री होता, नट-बोल्टांचा माणूस. त्याने पंपाचं झाकण काढलं आणि आत दोन्ही हात घातले. वरची रीत अशी, की एकाने कामाच्या पायऱ्या मोठ्याने वाचायच्या आणि दुसऱ्याने त्या करायच्या. कितीही साधं काम असो. पाच महिने ही रीत दोघांनी इमानेइतबारे पाळली होती.

"थांबा हो, हात मोकळे झाले की मी वाचतो," मिस्त्री म्हणाला.

"तू पंप बघ रे. मला पाठ आहे."

पाठ होतंच, खोटं कशाला बोला. सातवी पायरी होती सिरिंज फिरवण्याची. जमिनीवर सिरिंजमधला हवेचा बुडबुडा आपसूक वर येतो, टिचकी मारली की सुटतो. स्थानकावर तो असेल तिथेच बसून राहतो. म्हणून सिरिंजचं तोंड स्वतःकडे धरायचं आणि हात गोफणीसारखा गरगरा फिरवायचा. खुराक बाहेरच्या बाजूला दट्ट्याकडे जातो, हवा तोंडाशी येते, मग ती ढकलून टाकायची. मिस्त्री हे कागदावरून शिकला होता, त्यामुळे तो कधी चुकला नसता. चुकायला आधी तीस वर्षं डॉक्टरकी करावी लागते.

डॉक्टरबाईंनी खुराक भरला. सिरिंज डोळ्यांसमोर उभी धरली, नखाने तीन टिचक्या मारल्या, दट्ट्या जरासा दाबला. टोकाशी स्वच्छ थेंब आला. हजारो वेळा असाच आला होता. डोकं घड्याळाकडे लागलेलं, हातांनी आपलं जुनं काम केलं. त्यांनी सुई चौथ्या कुपीत घातली आणि हळूहळू सगळा खुराक आत सोडला. दट्ट्यापाशी, लेबलाच्या आड बसलेला बुडबुडा सगळ्यात शेवटी गेला.

सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर पट्टी धडधडत होती. मग तिच्यावर एक गोल, चकचकीत काहीतरी येऊन बसलं.

हवेखाली पट्टी कोरडी पडते, आणि हा बुडबुडा आपणहून कुठेही जाणार नव्हता. "मिस्त्री!" त्या एवढ्या जोरात ओरडल्या की त्याच्या हातातला पाना सुटून भिंतीवर आपटला. दोघांनी जमेल ते सगळं केलं. रिकाम्या सिरिंजने ओढून पाहिलं, कुपी हातात घेऊन फिरवली, दुसऱ्या तोंडातून खुराक सोडला. बुडबुडा अर्धा निघाला, अर्धा चिकटून राहिला. पट्टीचे ठोके लांबले. एक ठोका पडला, मग बराच वेळ काही नाही, मग एक बारीकसा. त्यानंतर वीस मिनिटांत एकही ठोका पडला नाही.

"पंपामुळेच झालं हे," मिस्त्री कानाशी येऊन म्हणाला. "पंपामुळेच ना? कॅमेऱ्यासमोर तुमचा खांदा आला होता. कोणाला काही दिसलेलं नाही."

तो भल्यासाठीच सांगत होता. डॉक्टरबाईंच्या जिभेवर ते आलंही. पण इस्पितळाच्या बाकड्यांवर बसलेल्या किती आयांना त्यांनी आजवर वाईट बातम्या दिल्या होत्या, आणि त्यातली एकही बातमी अशी त्यांच्या हातची नव्हती. त्यांना स्वतःची शिसारी आली. त्यांनी निरोप्याला सांगितलं, शेजारी बसलेल्या मॅडमना बोलायला द्या.

"बोला डॉक्टर."

"चौथी थांबली, मॅडम. हवा गेली आत."

"सिरिंज फिरवली होती ना?"

"नाही. टिचकी मारली मी." मग त्यांना राहवेना. "मी मारलं तिला."

पलीकडे हेडफोन काढून ठेवल्यासारखं खट्ट वाजलं. संपर्क तुटला असेल असं वाटून डॉक्टरबाईंनी संपर्काच्या दिव्याकडे पाहिलं. दिवा हिरवाच होता. अकरा वर्षांत मॅडमनी बोलायचं थांबवलेलं कोणी ऐकलं नव्हतं.

मग एक वेगळाच आवाज आला, दम लागलेला. "डॉक्टर, मी बोलतेय. मी इथेच आहे. आईने आज मला दाखवायला आणलं होतं, माझी पट्टी पडद्यावर कशी धडधडते ते."

डॉक्टरबाईंनी भिंतीवरची दांडी घट्ट धरली. तरंगत्या माणसाला तेवढाच आधार असतो.

"मला आता औषध मिळणार नाही ना?"

‘बघू या’, ‘आपण प्रयत्न करू’, ‘धीर सोडू नका’. तीस वर्षांची सगळी वाक्यं तोंडाशी येऊन गेली.

"नाही गं बाळा," त्या म्हणाल्या.

"बरं." मुलगी थांबली, श्वास गोळा केला. "मग एक करा ना. आईला घरी सोडायला सांगा यांना. तुमच्या त्या पट्टीपायी नऊ दिवस ती या खुर्चीतून उठलेली नाही. मी घरी एकटी असते हो. आता मला ती घरी हवीय."

डॉक्टरबाईंनी निरोप्याला तसं सांगितलं. "पाठवतो लगेच," तो म्हणाला. मग बराच वेळ तो "चला ना, मॅडम" म्हणत राहिला, पण खुर्ची सरकल्याचा आवाज काही आला नाही.